'मला काही नको' म्हणणाऱ्यांना काय द्यायचं?

प्रश्न : दर दिवाळीला आमच्या घरी एकच गंमत होते. 'दिवाळीला काय हवं?' असं विचारलं की सात वर्षांची भाची भलीमोठी यादी वाचून दाखवते. तिचा तेरा वर्षांचा दादा एकच वस्तू सांगतो, पण कंपनी, रंग आणि मॉडेल नंबरासकट. माझी बायको म्हणते, 'मला एक दिवस स्वयंपाकघरातून सुट्टी द्या.' आणि आई कित्येक वर्षं एकच उत्तर देते, 'मला काही नको.' वय वाढतं तशी माणसाची हौस खरंच कमी होते का? की मागायची लाज वाटू लागते? आणि काही नको म्हणणाऱ्या माणसाला द्यायचं तरी काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या घरातल्या चार उत्तरांमागे एकच सूत्र आहे. आपलं आपल्याला जे मिळवता येत नाही, ते माणूस भेट म्हणून मागतो. भाचीच्या हातात पैसे नाहीत, म्हणून ती वस्तू मागते. तिच्या दादाला मित्रांमध्ये पत हवी आहे. तुमच्या पत्नीला साडी स्वतःची स्वतः घेता येईल, पण सुट्टी घरातल्या इतरांनी काम उचलल्याशिवाय मिळत नाही. तुमच्या आईंना जे हवं आहे ते दुकानात नाही आणि मागून मिळेल याची त्यांना खात्री नाही. हौस चौघांनाही आहे, फक्त प्रत्येकाला कमी काय पडतंय ते वेगळं आहे.

धाकट्या भाचीपासून सुरुवात करू. या वयातल्या याद्या लांबलचक असतात, पण त्यांतल्या बऱ्याच मागण्या उसन्या असतात. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन पाइन यांनी एका सहकाऱ्याबरोबर लहान मुलांनी नाताळात सांताक्लॉजला लिहिलेली पत्रं अभ्यासली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की जाहिराती असलेला टीव्ही जास्त बघणाऱ्या मुलांच्या मागण्याही जास्त होत्या. एकट्याने टीव्ही बघणाऱ्या मुलांवर हा परिणाम अधिक होता. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे, आणि तिथल्या मुलांच्या पत्रांत मागण्या कमी निघाल्या. आपल्याकडे टीव्हीचं हे काम आता खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारे मोबाइलवरचे व्हिडिओ करतात. तेव्हा भाचीची यादी ऐकताना एक करून बघा. आठवड्याने तीच यादी पुन्हा म्हणायला लावा. दोन्ही वेळा ज्या वस्तू येतील, त्या तिच्या स्वतःच्या.

मुलांचं वस्तूंवरचं प्रेम मात्र खोटं नसतं. 'मुलांना खेळणी नकोत, अनुभव द्या' असं हल्ली वारंवार ऐकू येतं. अमेरिकेतल्या लॅन चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०२०मध्ये जे मांडलं, त्यातून हा सल्ला लहानग्यांना सरसकट लागू होत नाही असं दिसतं. लहान मुलांना वस्तूंतून जास्त आनंद मिळतो. अनुभवांतून मिळणारा आनंद वयाबरोबर वाढत जातो. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे स्मरणशक्ती. चार वर्षांच्या मुलीला दिवाळीच्या सुट्टीत कोकणात नेलंत तर समुद्रावर ती नाचेल, पण महिन्याभराने ती सहल मनात पुन्हा उभी करणं तिला जड जातं. बाहुली रोज हातात असते, तिची आठवण काढावी लागत नाही. दुसरं कारण म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याची समज. सहलीची निम्मी मजा 'आपण सगळे होतो, सगळ्यांना धमाल आली' यात असते, आणि ती कळायला ही समज लागते.

दिवाळीतला किल्ला या दोन्ही वयांना पुरून उरतो. धाकट्यांना मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज अशा हातात धरायच्या गोष्टी मिळतात. मोठ्यांना दगड-माती गोळा करणं, अळीव पेरून हिरवळ उगवणं, बुरुजावरून भांडणं आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वेळचा सिंहगड भारी होता' असं म्हणणं मिळतं. बाजारात आता तयार किल्लेही विकत मिळतात. पाच वर्षांच्या मुलाला तो चालेल. दहा वर्षांच्या मुलाला दिलात तर त्याची निम्मी दिवाळी आपणच काढून घेतली असं समजा.

आता तेरा वर्षांचा भाचा. चॅप्लिन यांनीच डेबोरा जॉन यांच्याबरोबर २००७मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठ-नऊ, बारा-तेरा आणि सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांतल्या मुलांना त्यांनी 'मला कशाने आनंद होतो' या विषयावर चित्रांचं कोलाज करायला सांगितलं. निवडायला छंद, खेळ, माणसं, स्वतः करून दाखवलेल्या गोष्टी आणि वस्तू अशी वेगवेगळी चित्रं होती. वस्तूंची निवड आठ-नऊच्या गटापेक्षा बारा-तेराच्या गटात वाढली आणि सोळा-अठराच्या गटात पुन्हा उतरली. मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास नेमका याच्या उलट चालला होता. बारा-तेराव्या वर्षी तो खाली गेला आणि पुढे सावरला.

मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. मुलांना कागदी थाळ्या दिल्या. त्यांवर 'हुशार', 'मजेशीर' अशी त्यांच्याबद्दलची चांगली विशेषणं होती, आणि ती सोबतच्या मुलांनी दिली आहेत असं सांगितलं. एवढ्यानेच मोठ्या दोन्ही गटांतल्या मुलांची वस्तूंची ओढ बरीच कमी झाली.

म्हणजे तुमचा भाचा मॉडेल नंबर सांगतो तेव्हा त्याला ती वस्तू वापरायची तर आहेच, पण ती घेऊन चारचौघांत उभंही राहायचं आहे. 'आमच्या वेळी आम्ही टिकल्यांच्या पिस्तुलावर खूश होतो' हे व्याख्यान इथे उपयोगाचं नाही, कारण आपल्याही गल्लीत कोणाच्या पिस्तुलाचा आवाज मोठा यावर पत ठरायचीच. वस्तू परवडत असेल तर द्या, नसेल तर सरळ नाही म्हणा. मात्र त्याच दिवाळीत त्याने स्वतः केलेल्या एखाद्या गोष्टीचं, मग ती विकेट असो, चित्र असो की लॅपटॉपची दुरुस्ती, त्याच्या मित्रांसमोर मोकळेपणाने कौतुक करा. या वयात घरात केलेल्या कौतुकापेक्षा मित्रांदेखत केलेलं जास्त लागू पडतं. बाकी चार-पाच वर्षांत ही धार आपसूक कमी होते.

कमावतं झाल्यावर मागण्यांचा सूर बदलतो. आतापर्यंत जो मागत होता तो आता देणारा होतो, आणि देणाऱ्याला कुणी 'तुला काय हवं?' असं फारसं विचारत नाही. मुंबईच्या गिरणगावात घराघरातली दिवाळीची यादी बोनसच्या आकड्याला बांधलेली असायची. पहिल्या महायुद्धातल्या महागाईत गिरण्यांनी युद्ध बोनस द्यायला सुरुवात केली. तो थांबवला तेव्हा १९२४मध्ये मुंबईच्या कामगारांनी मोठा संप केला. पुढे १९६५च्या बोनस कायद्याने किमान बोनस ठरला, तो आज वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाइतका आहे. अशा तेराव्या पगारातून आधी पोरांचे कपडे यायचे, मग घरातल्यांची साडी, मग भाऊबीजेची ओवाळणी आणि उरलंच तर कमावत्याचा शर्ट.

याच वयात घराची गरज आणि माणसाची इच्छा यांची गल्लत होते. पाडव्याला बायकोने ओवाळल्यावर तबकात मिक्सरची पावती ठेवणारे नवरे कमी नाहीत. मिक्सर घराला लागतो, तो घरखर्चातून यावा. तुमच्या पत्नीची मागणी याहून प्रामाणिक आहे आणि साडीपेक्षा महागही आहे, कारण त्या दिवशी चकलीचा सोऱ्या दुसऱ्या कोणाला तरी फिरवावा लागेल. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच यांनी २००३मध्ये दाखवलं की मोठ्या माणसांना वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेल्या खर्चातून बहुधा जास्त आनंद मिळतो. तेव्हा सुट्टी द्या, पण पुरी द्या. 'डाळ कुठे ठेवलीय?' असं दर दहा मिनिटांनी विचारलंत तर ती सुट्टी राहत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आईंकडे येऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांच्या संशोधनातला एक प्रश्न साधा आहे. तुमच्याकडे अर्धा तास मोकळा आहे. जवळचा नातेवाईक, नुकतीच ओळख झालेलं माणूस आणि तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचा लेखक यांपैकी कोणाबरोबर घालवाल? तरुणांची उत्तरं विखुरतात, वयस्क माणसं बहुतेक जवळच्या माणसाची निवड करतात. पण तरुणांना 'तुम्ही लवकरच एकटे दूरच्या गावी राहायला जाणार आहात' अशी कल्पना करायला सांगितलं, की तेही जवळच्या माणसाकडे वळतात. उलट वयस्कांना 'वैद्यकातल्या नव्या शोधामुळे तुम्हाला आणखी वीस वर्षं मिळणार आहेत' असं समजायला सांगितलं, की त्यांची निवड तरुणांसारखी होते. १९९७मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाण्याच्या सुमारास तिथेही हेच दिसलं. हस्तांतर दोन महिन्यांवर आलं तेव्हा तरुणही म्हाताऱ्यांसारखे जवळच्या माणसांना पसंती देत होते, आणि वर्षभराने वयातला फरक पुन्हा दिसू लागला. थोडक्यात, आपल्याला काय हवं हे वयापेक्षा हाती उरलेल्या वेळाच्या अंदाजाने ठरतं. वेळ थोडा वाटला की माणूस नव्या वस्तू आणि नव्या ओळखी सोडून जुन्या माणसांकडे वळतो.

याला जोडून २०१४चा अमित भट्टाचार्जी आणि कॅसी मोगिलनर यांचा अभ्यास पाहण्यासारखा आहे. तरुणांना विलक्षण अनुभवांतून आनंद मिळतो. वय वाढतं तसा रोजच्या साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद वाढतो. म्हणून आईंना विमानाने काशीला नेण्याची योजना आखण्याआधी, सकाळच्या चहाला त्यांच्याबरोबर कोण बसतं, ते आधी बघा.

तरीही सगळं श्रेय वयाला देऊन चालणार नाही. आपल्या घरांत बायकांना 'नको' म्हणायची सवय विशीतच लावली जाते. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरेल ते आपलं, या शिकवणीत वाढलेल्या बाईला 'काय हवं?' असा थेट प्रश्न अवघडवून टाकतो. दिवाळीच्या रिवाजांनी यावर एक तोड काढली आहे. बाईने औक्षण करायचं, समोरच्याने तबकात ओवाळणी टाकायची, मागायचा प्रश्नच नाही. नरकचतुर्दशीला मुलं, पाडव्याला नवरा, भाऊबीजेला भाऊ. भाऊ नसेल तर चंद्राला ओवाळायची पद्धतही आहे. पण वय वाढतं तसे हे ओवाळून घेणारे कमी होत जातात. नवरा जातो, भाऊ जातो किंवा गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही, मुलं दूरगावी असतात. सत्तरीतल्या बाईला तबकातल्या पैशांची उणीव नसते, समोर पाटावर बसणाऱ्याची असते.

आणखी एक उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देण्याचा आनंद फार लवकर सुरू होतो. लारा अकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं की दोन वर्षांखालची मुलंसुद्धा खाऊ मिळाल्यापेक्षा तो दुसऱ्याला दिल्यावर जास्त खुलतात. म्हातारपणी नेमका हाच आनंद हिरावला जातो. घरचे सगळं आणून देतात, आईच्या पैशांना हातही लावत नाहीत, आणि नातवंडांना काय हवं ते तिला माहीत नसतं. ती फक्त घेणारी उरते. ज्याने आयुष्यभर दिलं त्याला नुसतं घेत राहणं जड जातं, आणि मग 'मला काही नको' येतं.

म्हणून आईंना या दिवाळीत तीन गोष्टी द्या. त्यांच्या भावाला किंवा जुन्या मैत्रिणीला गाडी पाठवून घरी आणा, नाहीतर त्यांना तिकडे घेऊन जा. त्यांच्याच पेन्शनच्या पैशांतून कोऱ्या नोटा काढायला त्यांना बँकेत न्या, नातवंडांना ओवाळणी त्यांच्या हातून जाऊ दे. आणि 'काय हवं?' असं विचारू नका. 'मामांकडे शनिवारी जायचं की रविवारी?' असं विचारा. या प्रश्नाला 'काही नको' हे उत्तर देता येत नाही.

प्रश्न : भेट विचारून द्यावी की अचानक? विचारलं तर गंमत जाते असं वाटतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गंमत कोणाची जाते, ते बघा. फ्रान्चेस्का जीनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की न मागता, स्वतः विचार करून दिलेली भेट घेणाऱ्याला जास्त भावते. घेणाऱ्यांनी मात्र मागितलेली वस्तू मिळाल्याचं कौतुक जास्त केलं. अनपेक्षित भेटीची हौस बऱ्याचदा देणाऱ्याची असते. लहान मुलांच्या बाबतीत तडजोड सोपी आहे. वस्तू त्यांच्या यादीतली घ्या आणि यादीतली कोणती ते सांगू नका. मोठ्यांच्या बाबतीत वर्षभर कान उघडे ठेवा. आषाढात 'हा चष्मा आता जुना झाला' असं कोणी म्हणालं असेल, तर ते कार्तिकात आठवणं म्हणजे न विचारता विचारणंच.

प्रश्न : आम्ही भाचे-पुतण्यांना पाकिटात पैसे देतो. सूनबाई म्हणते, त्यात भावना नसते. खरं आहे का?
— एक आजोबा, अकोला

उत्तर : अर्थशास्त्र तुमच्या बाजूने आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की नाताळात मिळालेल्या वस्तूंना तुम्ही स्वतः किती किंमत द्याल. त्यांच्या हिशोबाने भेटवस्तूंच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा हिस्सा वाया जात होता. सर्वांत जास्त नुकसान आजी-आजोबा, काका-मावशी यांच्या वस्तूंत होतं, कारण वयातलं अंतर मोठं आणि आवड माहीत नाही. गंमत म्हणजे रोख देणारेही तेच जास्त होते. त्यांना हे कुठेतरी कळत असावं. आपल्याकडे तर ओवाळणी रोखच असते आणि आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवूनच येतं, त्यामुळे पैशाला भावना नसते असं म्हणायची सोय नाही.

फक्त वय बघा. पाच वर्षांच्या मुलाला दिलेली नोट पुढच्या मिनिटाला 'आण इकडे, हरवशील' म्हणत त्याच्या आईच्या पर्समध्ये जाते. त्याला गोष्टींचं पुस्तक किंवा 'किशोर'चा दिवाळी अंक द्या. कॉलेजातल्या पुतणीला मात्र पाकीटच द्या, आणि त्याचं काय केलंस हे विचारू नका.

प्रश्न : आम्ही दोघंच असतो, मुलगा अमेरिकेत आहे. घरात वस्तू ठेवायला जागा नाही, एकमेकांना द्यायचं तरी काय? आणि ज्याला सगळं विकत घेता येतं त्या मुलाला काय पाठवायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एकमेकांना देण्यासारखं काही उरलं नसेल तर दोघांनी मिळून बाहेर द्या. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. या संस्थेची भाऊबीज निधीची कल्पना तुमच्यासारख्यांच्या फार उपयोगाची आहे. दिवाळीत लोकांनी अनोळखी बहिणींच्या शिक्षणासाठी ओवाळणी घालायची, अशी ती कल्पना. सख्खी बहीण असो वा नसो, ओवाळणी घालण्याचा हक्क कुणालाही बजावता येतो. तुमच्या जवळपासच्या एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात चौकशी करा. तिथे एखाद्या मुलीची फी, वह्या किंवा बसचा पास दोघांच्या नावाने भरून टाका.

मुलाचं उत्तर वरच्या सूत्रातच आहे. लहानपणी डब्यातला चिवडा तो बघतही नसेल, तेव्हा त्याला फटाके हवे होते, कारण ते तुमच्याकडून मागावे लागायचे. आता फोन, बूट, घड्याळ तो बसल्या जागी मागवतो. घरच्या भाजणीची चकली मात्र त्याला कुठल्याच दुकानात मिळत नाही. फराळाची पार्सलं परदेशी पाठवण्याची सोय पोस्टातही आहे आणि कुरिअरवाल्यांकडेही. पार्सल वेळेत निघालं पाहिजे, आणि चकल्या एकमेकींना घासणार नाहीत अशा भरा. भुगा पोहोचला तर तो तोंडावर 'छान होता' म्हणेल, आणि पुढच्या वर्षी विचारलंत तर म्हणेल, 'मला काही नको.'